भिवराआईच्या पोटावरचा हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. निवळीच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता, पलीकडे जायचं तर धोतर खोचून पाण्यात उतरावं लागे. त्या गावात तेल्याच्या घरी भिवरा नावाची बाई राहत होती. नवऱ्यामागे तेलाचा घाणा तिनेच चालवला, पण तिचं नाव झालं ते तेलामुळे नव्हे, हातामुळे. भिवराआई पोट चोळून द्यायची.

उजाडता उजाडता लोक अनशापोटी तिच्या ओसरीवर येऊन बसत. कुणाची भूक मेलेली, कुणाची झोप उडालेली, कुणी उगाच घाबरं होणारं. भिवराआई त्यांना घोंगडीवर आडवं करी, बेंबीभोवती कोमट एरंडेल सोडी आणि तीन बोटं टेकवून डोळे मिटून बसे. असं म्हणतात, की माणसाच्या मनात काय आहे ते तिला बेंबीखालच्या ठोक्यावरून कळे. ठोका वर चढला की भीती, डावीकडे सरकला की दुःख. "डोस्कं दावू नगंस मला," ती म्हणे, "डोस्क्यात चढतं ते हितनंच चढतं."

एकदा एक नवी सून सात दिवस अन्नाला शिवली नव्हती. घरचे देवऋषी शोधत फिरत होते. भिवराआईने तासभर पोट चोळलं, तेव्हा पोरीने हंबरडा फोडला, माहेरी राहिलेल्या आंधळ्या बहिणीचं नाव घेतलं, आणि मग उठून दोन भाकरी खाल्ल्या. पाटलांचं पोट तर सासुरवाडीची माणसं यायची म्हटली की आदल्या दिवसापासूनच दुखू लागे. त्यांनाही ती चोळून द्यायची, हसायची मात्र नाही. घोंगडीवर जे बोललं गेलं ते तिच्या तोंडून दुसऱ्या कानाला कधी गेलं नाही.

चोळून झालं की ती त्या माणसाचाच तळवा त्याच्या पोटावर ठेवी. "माजा हात आज हाय. तुजा जलमभर हाय. रोज पाटंचं तूच फिरवत जा." लोक मान डोलावत आणि चार दिवसांनी पुन्हा तिच्याच ओसरीवर हजर होत. गुण हातात आहे, आणि तोही भिवराआईच्याच हातात, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून गावाने आपणहून एक नेम करून टाकला: भिवराआईच्या अंगाला कुणी तेल लावायचं नाही, नाहीतर तिचा हातगुण उतरेल. तिला कुणी विचारलंही नाही.

तिला एकच मुलगा, सयाजी. श्रावणात तेलाचे बुधले घेऊन तो पलीकडच्या बाजाराला निघाला आणि लोंढ्यात गेला. तीन दिवसांनी एक बुधला सापडला, तो नाही.

चौथ्या दिवशी ओसरीवर माणसं होतीच. त्यांचीही पोटं दुखत होती, त्यांना तरी काय म्हणावं? तरी राग येतोच. भिवराआई उठली, हात धुतले, एरंडेल कोमट करायला ठेवलं. डोळ्यांत टिपूस नव्हता.

तेव्हापासून तिचा एकेक घास कमी होत गेला. सयाजीची बायको वेणू हे रोज पाहत होती. ताटातलं ताटात राही, आणि सासू भिंतीला धरून उठे. वेणूचं स्वतःचं कपाळ पांढरं झालेलं. पहिला महिनाभर भिवराआईने तिचं पोट रोज चोळलं होतं, म्हणून तर ती जगली. शेवटी सासूच्या पोटाला तेल लावू द्या, असं विचारायला वेणू पाटलांकडे गेली. पाटील कळवळले, पण म्हणाले, "पोरी, हातगुण गेला तर गावानं कुनाकडं जावं?"

पौषातल्या एका पहाटे, माणसं यायच्या आधी, भिवराआई स्वतःच घोंगडीवर आडवी झाली. तिने सुनेला हाक मारली. "पोरी, जरा माज्या पोटावर हात ठिवतीस का?"

वेणूने तेलाच्या वाटीत बोटं बुडवली, हात पुढे नेला. तेवढ्यात ओसरीवर कुणीतरी खाकरलं. तिने हात मागे घेतला. "आत्याबाई, गाव काय म्हनंल?"

भिवराआई थोडी हसली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि उठून बाहेर गेली. त्या दिवशी तिने अकरा जणांची पोटं चोळली. आठवडाभरात ती गेली.

शेवटची अंघोळ घालताना वेणूने बाकीच्या बायांना बाहेर काढलं आणि दोन्ही हात सासूच्या पोटावर ठेवले. पोट पाट्यासारखं टणक होतं. ती चोळत राहिली. बाहेर माणसं खोळंबली, तरी चोळत राहिली. "आत्याबाई, आता बोला. आता बोला की." असं म्हणतात, की दुपार कलली तेव्हा ते पोट मऊ झालं आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबेचना. घोंगडी भिजली, ओसरी भिजली, पाणी वाहत नदीला मिळालं आणि भर पौषात नदीला पूर आला. दुसऱ्या दिवशी पूर ओसरला, तेव्हा सयाजी काठावर निजल्यासारखा सापडला. मायलेकांना एकाच चितेवर ठेवलं.

पुढे चाळीस वर्षं वेणूने गावाची पोटं चोळली. पण रोज आधी ती स्वतः आडवी व्हायची, आणि आलेल्यांतल्या एकीला आपल्या पोटाला तेल लावायला सांगायची. हातगुण काही उतरला नाही.

आता निवळीला पूल आहे, दवाखाना आहे. तरी पौषात भिवराआईच्या तिथीला पहाटे सगळं गाव अनशापोटी नदीकाठी घोंगड्या टाकतं. माणसं एकमेकांच्या पोटावर कोमट तेलाचा हात फिरवतात, मग प्रत्येक जण आपला तळवा आपल्या पोटावर ठेवून गप्प पडून राहतो. पहिलं तेल मात्र वर्षभर घरात आजाऱ्याची उस्तवार केलेल्या माणसाला. बहुतेकदा ती एखादी बाई असते. ती लाजते, पदर सावरते, "ऱ्हाऊ दे" म्हणते. हे ऐकून निवळीत कुणी हात मागे घेत नाही.