ठेकेदाराची पाठ

गुलाबराव ठेकेदारांनी बांधलेल्या वसाहतीत दोन वर्षांतच घरांच्या पायातली ओल भिंतींवर कमरेपर्यंत चढली. गुलाबरावांचा शर्ट कडक इस्त्रीचा आणि जीभ त्याहून कडक. तिथं राहणाऱ्या कमलजाबाई बोंद्रे तक्रार घेऊन गेल्या, तर म्हणाले, "पाया माझा पोलादी आहे. दारंखिडक्या लावून बसता, त्या तुमच्या श्वासाची वाफ भिंतीवर बसते."

बाईंनी वाद घातला नाही. रविवारी गुलाबरावांना घरी पुरणपोळीच्या जेवणाला बोलावलं, शेजाऱ्यांनाही बोलावलं. बसायला पाट मांडला आणि पाठीला टेकायला दुसरा लावू लागल्या, तसे गुलाबराव गुरगुरले, "माझ्याच भिंतीला टेकायला मला पाट कशाला?"

"राहू दे मग," म्हणत बाईंनी पाट उचलला आणि आग्रह करकरून त्यांना तासभर जेवायला घातलं.

गुलाबराव ढेकर देत उठले. पांढरा शर्ट मानेपासून कमरेपर्यंत चिंब, त्यावर भिंतीच्या रंगाचे पोपडे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

बाई पोळीचं ताट उचलत म्हणाल्या, "आम्ही आपले नाकानं श्वास घेतो. तुम्ही पाठीनं घेता होय?"

सोमवारी पाया उकरायला माणसं आली. गुलाबरावही आले, पण भिंतीपासून चांगले हातभर लांब उभे राहिले.