तरंगत्या राजकन्येची वाकळ

एका राज्यात, जिथले डोंगर उन्हाळ्यात जागा बदलत आणि पावसाआधी मुकाट्याने आपापल्या ठिकाणी येऊन बसत, तिथे शूरकेतू नावाचा राजा राज्य करी. राजा मनाचा वाईट नव्हता. पण जुन्याची त्याला शिसारी होती. एकदा अंगाला लागलेलं वस्त्र तो पुन्हा घालत नसे. सकाळचा अंगरखा संध्याकाळी बंबात जाई. जामदारखान्यात किनखाबाच्या कोऱ्या घड्या छतापर्यंत रचलेल्या असत.

पुष्कळ वर्षांनी राणी सौदामिनीच्या पोटी लेक जन्मली. त्या मुलखात रीत अशी, की नव्या बाळाला पहिल्यांदा नवं कापड लावायचं नाही. थोरामोठ्यांचं वापरून मऊ झालेलं लुगडं नाहीतर धोतर घ्यायचं, त्यात बाळ गुंडाळायचं. कोऱ्या कापडाला माणसाची ओळख नसते, बाळालाही नसते. दोन अनोळखी जीव एकमेकांना काय सांभाळणार?

राजाने रीत मोडली. लेकीला कोऱ्या किनखाबात गुंडाळलं. बाळ कुरकुरलं, तरी गुंडाळलं.

त्या दिवशी उंबराच्या डोंगरावरची कापशी म्हातारी राजवाड्यात आली. तिचे केस कापसासारखे, आणि जादू तिच्या हातात अशी, जशी दुसरीच्या हातात भाकरी. तिने काखेतून वाकळ काढली, जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालून हाताने शिवलेली.

"महाराज, लेकीला पांघरूण आणलंय."

राजाने ती दोन बोटांत धरली. "ही चिंध्यांची मोट? राजकन्येच्या अंगावर?"

"चिंध्या कशा म्हणता? माणसं आहेत ती. एकेक तुकडा कुणाकुणाच्या अंगावर झिजलाय."

"मग घेऊन जा तुझी माणसं," राजा म्हणाला, आणि वाकळ उकिरड्यावर गेली.

कापशी ओरडली नाही, की पाय आपटले नाहीत. सावकाश म्हणाली, "जुन्याचं ओझं नको ना तुला? बरं. तुझ्या लेकीचं सगळंच ओझं गेलं." एवढं बोलून ती कापसाचं बोंड झाली आणि खिडकीतून निघून गेली.

तिच्या पाठोपाठ पाळण्यातलं बाळ वर उठलं. जामदारखान्याची दारं उघडली, आणि किनखाब, रेशीम, मलमल, सगळ्या घड्या बगळ्यांच्या थव्यासारख्या उडाल्या त्या परत आल्या नाहीत. राणीने धावत जाऊन लेकीचा पाय धरला, पदराचं टोक तिच्या कमरेला बांधलं. तेव्हापासून राणी चाले तिथे तिच्या डोक्यावर लेक तरंगे, पतंगासारखी. दूध पाजायचं तर खाली ओढून पाजायचं. बारसं राहिलं, पाळण्यात बाळ टिकेल तेव्हा ना नाव ठेवायचं!

राजाने लेकीच्या पायांत सोन्याचे वाळे घातले. वाळेही तरंगले. दुपट्याच्या कडेला शिसं शिवून घेतलं. शिसंही तरंगलं. मग राजा एकटा, पायी, उंबराचा डोंगर चढून गेला.

कापशी ढग पिंजत बसली होती. राजाने खाली मान घातली. "चुकलो. माझी लेक मला परत दे."

"ती कुठे गेलीय? फक्त वजन गेलंय," कापशी म्हणाली. "परत आणायचं तर तुझ्या हाताने वाकळ शिव. तीन कामं आहेत. ओव. शिव. तिसरं काय ते वेळ आली की तुझं तुला कळेल."

"आणि कापड?"

"मागून आण. विकत घेतलेलं चालणार नाही. हुकमाने आणलेलं तर नाहीच नाही. आणि उशीर लावू नकोस. आज ती कापसाएवढी हलकी आहे. पुढे पिसाएवढी होईल, मग धुराएवढी. धुराला गाठ बसत नाही, राजा."

तिने एक लोखंडी सुई त्याच्या तळहातावर ठेवली. "हिला रागावलेलं खपत नाही," म्हणाली. मग उंबराकडे बघून शीळ घातली, तसा एक शिंपी पक्षी उडत आला, तोच तो, पानं शिवून घरटं करणारा. मुठीएवढा जीव, शेपूट ताठ. तो राजाच्या मुकुटावर जाऊन बसला.

"हा शिकवील. जिभेला तिखट आहे. टाका मात्र बारीक घालतो."

राजा डोंगर उतरला आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात उभा राहिला. नदीकाठी परटीण कपडे आपटत होती. राजाने जुनं कापड मागितलं, तशी तिने कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं आणि घरातून एक लुगडं आणून दिलं.

"घ्या महाराज. माझ्या सासूबाईंचं. धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालंय. त्या काही शेवटपर्यंत झाल्या नाहीत."

नावाड्याने आपलं धोतर दिलं. म्हणाला, "मासळीचा वास येईल थोडा." राजाने ते नाकाशी नेलं, नाक मुरडणार होता, पण नाही मुरडलं.

राजवाड्यात येऊन राजाने दोन्ही कापडं पसरली. लेकीपुरती वाकळ, तरी कापड कमी पडत होतं. राणी बघत होती. ती उठली, माहेरच्या पेटीच्या तळाला हात घातला आणि एक लुगडं काढलं, काठ पार विरलेलं.

"हे कधीचं?" राजाने विचारलं.

"माझ्या आईचं. मी लग्नात आणलं होतं."

"मग मला कधी दिसलं कसं नाही?"

"दिसलं असतं तर बंबात गेलं असतं," राणी म्हणाली. राजाने ते लुगडं दोन्ही हातांनी घेतलं.

आता पहिलं काम. राजा सदरेवर मांडी घालून बसला, एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा. दोरा सुईपाशी नेला, तो नेढ्याच्या बाजूने गेला. पुन्हा नेला, पुन्हा चुकला. राजाने कपाळाला आठी घातली, आणि सुईने नेढं मिटून घेतलं, डोळा मिटावा तसं.

"उघड!" राजा गरजला.

"तिला हुकूम ऐकू येत नाही," पक्षी म्हणाला. "दोऱ्याचं टोक तिरपं काप. ओठांत ओलं कर. चिमटीत अगदी थोडं बाहेर ठेव. आणि श्वास सोड, राजा, तू लढाईवर नाही आलास."

राणी म्हणाली, "महाराज, भाला नाही तो. एवढा दम धरून कशाला फेकता?"

दिवस कलेपर्यंत हेच चाललं. सुई मिटायची, राजा चिडायचा. शेवटी चिडून चिडून त्याचा राग दमला. त्याने उगाच लेकीकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाला तरंगत स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होती. राजाला हसू आलं. तेवढ्यात सुईने डोळा उघडला, आणि दोरा आत गेला.

राजा असा ओरडला, की पहारेकरी तलवारी उपसून आत धावले. "काय झालं महाराज?"

"ओवली!" राजा म्हणाला.

पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तलवारी म्यान केल्या.

दुसरं काम, शिवायचं. राजाने थर घातले, आणि परत परत ओवायला नको म्हणून भला लांब दोरा घेतला. चार टाक्यांत त्याचा असा गुंता झाला, की राजाचा हातही त्यात अडकला.

"हातभर घे," पक्षी म्हणाला. "संपला की दुसरा. घाई कुणाला आहे?"

"मला आहे! लेक पिसाएवढी झालीय!"

"म्हणूनच सांगतो, हातभर घे."

राजाने हातभर घेतला. पण सुरुवात केली मधूनच, कारण राजा कुठेही मधेच बसतो. कापड कडांना सरकलं, मधे फुगा आला.

"उलटं," पक्षी म्हणाला. "आधी चारी बाजूंनी कड धर. मग तिच्या आत दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी. फिरत फिरत मधे ये. मधलं घर सगळ्यात शेवटी."

मग राजा धनुष्याची दोरी ताणावी तसा दोरा ताणू लागला. कापडाला चुण्या पडल्या, वाकळ साळिंदरासारखी अंग आखडून बसली आणि काही केल्या सैल होईना.

"तिला पळून जायचं नाहीये, राजा. एवढं कशाला आवळतोस? दोरा थरांतून नुसता जाऊ दे. खाली, वर. खाली, वर. पानाला मी असंच शिवतो, म्हणून पान हिरवं राहतं."

राजाची बोटं टोचून टोचून लाल झाली. सुई ढकलायला त्याने राजमुद्रेची अंगठी आतल्या बाजूला फिरवली. टाके आधी बेडकाच्या उड्यांसारखे पडले, एक लांब, एक आखूड. पुढे तांदळाएवढे झाले. वाकडे होते, पण होते. हळूहळू राजाला एक नवल कळू लागलं. हात खाली-वर चालू असला की डोक्यातला कलकलाट बसतो. प्रधान काही विचारायला आला तर राजा वर न बघता म्हणे, "ही ओळ संपू दे." आणि ओळ संपेपर्यंत पुष्कळ प्रश्न आपोआप सुटत.

मधे वीतभर घर उरलं, तेव्हा राजा एकटाच होता. पक्षी किडे टिपायला गेला होता, राणी सज्जात उन्हाला बसली होती. समोरच्या पेटीच्या झाकणात किनखाबाचा एक तुकडा चिमटून राहिलेला राजाला दिसला. बाकीचे उडाले तेव्हा हा अडकला होता. राजाच्या मनात आलं, बाहेरून राहू दे परटिणीचं आणि नावाड्याचं. आत तरी राजकन्येला शोभेलसं काही असावं. कुणाला दिसणार आहे? त्याने तुकडा थरांच्या मधे सरकवला आणि वरून टाके घालून घर बंद केलं.

"झाली!" राजाने हाक मारली. राणी आली. पदराच्या टोकाला लेक होती, पण तिच्या पलीकडची भिंत तिच्यातून अंधुक दिसत होती. राजाने वाकळ तिच्या अंगावर घातली.

वाकळ वर उठली. लेकीला घेऊन उठली. पदराची गाठ धुरातून निसटावी तशी निसटली, आणि लेक छताला जाऊन टेकली. वर, झरोक्यातून निळं आभाळ दिसत होतं.

राणी किंचाळली. राजा पाळण्यावर चढला, पाळण्यावरून कमानीवर, आणि वाकळीचं एक टोक त्याने दातांत धरलं.

पक्षी झरोक्यात येऊन बसला. "राजा, आत काय घातलंस?"

राजाच्या तोंडात वाकळ होती. पण त्याचा चेहरा बोलला.

"मग तिसरं काम समोर आलं," पक्षी म्हणाला. "उसव."

राजाने टोक दातांतून हातात घेतलं. "माझ्या हाताने? एवढे दिवस घातलेले टाके?"

"तुझ्याच हाताने. आणि ओढून तोडू नकोस, कापड फाटेल. एकेक."

राणीने कमानीखाली उभं राहून हात पसरले. राजाने कमानीला पायांचा विळखा घातला, एका हाताने वाकळ लेकीभोवती धरली, दुसऱ्या हाताने सुईचं टोक टाक्याखाली घातलं. उचलला. दुसरा उचलला. काय सांगावं, शिवताना जेवढं टोचलं नव्हतं तेवढं उसवताना टोचलं. इतक्या मेहनतीने घातलेले टाके! पण लेक झरोक्याकडे सरकत होती, आणि राजाचा हात आता घाई करत नव्हता. घाई केली की फाटतं, हे त्या हाताला ठाऊक झालं होतं.

मधलं घर उघडलं. किनखाबाचा तुकडा सळसळत बाहेर आला आणि झरोक्यातून उडून गेला.

"पोकळी राहिली," राजा म्हणाला. "आता इथे काय घालू?"

"वापरलेलं काही आहे तुझ्याजवळ?"

"माझ्याजवळ कुठलं आलं?" असं म्हणत राजाने स्वतःकडे पाहिलं. घड्या उडून गेल्या तेव्हापासून त्याच्या खांद्यावर तेच एक उपरणं होतं. घामाने पिवळं पडलेलं, जागोजागी बोटांच्या रक्ताचे ठिपके, मांडीवर घासून मऊ झालेलं. बंबात घालायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

त्याने ते फाडलं, घडी करून मधल्या घरात ठेवलं आणि तिथेच, कमानीवर लोंबकळत, शेवटचे टाके घातले. ना आवळून, ना सैल.

वाकळ खाली आली. पिकलं पान यावं तशी, झुलत. राणीच्या हातांत उतरली आणि हात एकदम खाली गेले.

"अगं बाई!" राणी म्हणाली. "केवढी जड झालीय ही!" आणि रडू लागली.

लेकीला पाळण्यात ठेवलं. पाळणा करकरला. राजवाड्यात तो आवाज सगळ्यांनी ऐकला. आचारी पळी टाकून आला, पहारेकरी दार सोडून आले. कापशी म्हातारी पाळण्यामागे उभी होती. ती कधी आली कुणाला कळलं नाही. तिने वाकळीवरून हात फिरवला, वाकड्या ओळी पाहिल्या, आणि म्हणाली, "एवढ्या वाकड्या ओळी मी जन्मात पाहिल्या नाहीत. कुर्र करा पोरीला."

बारसं झालं. राणीने आपल्या आईचं नाव ठेवलं, चंपावती. परटीण पाळणा म्हणाली, नावाड्याने घुगऱ्या वाटल्या. आणि नाव कानात पडताच राजकन्या चंपावतीने वाकळ ओली केली.

राजा शूरकेतूने आपल्या वाकळीकडे पाहिलं, मग शिंपी पक्ष्याकडे.

"आता?" त्याने विचारलं.

"आता धू," पक्षी म्हणाला. "धुतल्याशिवाय मऊ कशी होणार?"

मग राजा बाह्या सारून नदीवर गेला. परटिणीने त्याला वाकळ पिळायची कशी ते दाखवलं, आणि त्या दुपारी राजवाड्याच्या बुरुजावर, निशाणाच्या शेजारी, एक वाकडी-तिकडी वाकळ उन्हात वाळत होती. डोंगर आपापल्या जागी होते. पाळण्यात लेक झोपली होती, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी ही कथा सांगितली जाते, त्यांच्या पोरांनाही तशीच झोप लागो.