उतारावरची भिंत

एकदा एक वृद्ध गवंडी आपल्या शिष्येला भिंत बांधायला शिकवत होता. गाव डोंगराच्या उतारावर वसलेले होते. शिष्या त्याच्या दिवंगत सहकाऱ्याची मुलगी. तिने दहा वर्षे डोक्यावरून घमेली वाहिली होती. इतकी, की चुंबळीने टाळूवरचे केस झिजले होते. बायकांनी घमेलेच वाहायचे असते असे तिला सगळ्यांनी सांगितले होते. या एकाच म्हाताऱ्याने तिच्या हाती थापी दिली. ती त्याला आप्पा म्हणत असे.

आप्पांनी पहिल्याच दिवशी तिच्यासमोर ओळंबा धरला. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेले लोखंडी वजन.

"उभं काय, ते याला विचारायचं. पृथ्वी याला आपल्याकडे ओढते, ती चढ-उतार बघत नाही." मग त्यांनी परातीत पाणी ओतले. "आडवं काय, ते पाण्याला विचारायचं. डोळ्याला विचारायचं नाही."

"का हो आप्पा? डोळा खोटं बोलतो?"

"खोटं नाही बोलत. जिथं वाढला, तिथलं बोलतो."

हे त्या गावाइतके दुसऱ्या कोणत्याही गावाला लागू नव्हते. डोंगराचा खडक देवाचा, म्हणून त्याला छिन्नी लावायची नाही, अशी तिथली रीत होती. पाया खडकावर जसाच्या तसा बसवत. खडक दरीकडे किंचित कललेला होता. पण त्याच्यावरच रांगत मोठ्या झालेल्या माणसांना तो सपाट वाटे. गवंडी आपला गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, खडकावर टेकवत आणि त्याच्या काटकोनाने भिंत वर नेत. खडकाशी काटकोन साधे, पण भिंत उभी होत नसे. गावातली प्रत्येक भिंत दरीकडे झुकलेली होती, आणि सगळ्याच सारख्या झुकलेल्या असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात येत नसे.

आणखी एक रीत होती. शिष्य तयार झाला की छप्पर चढण्याच्या दिवशी गुरू सर्वांदेखत आपला ओळंबा त्याच्या हाती देई. शिष्याने तो भिंतीवरून सोडायचा आणि "सरळ आहे" असे म्हणायचे. त्या क्षणापासून लोक त्याला मिस्त्री म्हणत. दोरीकडे कोणी पाहत नसे. सगळ्यांचे लक्ष पेढ्यांच्या परातीकडे असे. ज्याला ओळंबा मिळाला नाही, तो जन्मभर बिगारी.

तीन वर्षांनी गावच्या एका शेठजींनी वडिलांच्या स्मरणार्थ धर्मशाळा बांधायला काढली. दरीच्या बाजूची भिंत आप्पांनी स्वतः घेतली आणि डोंगराच्या बाजूची शिष्येला दिली. तिने प्रत्येक थराला ओळंबा लावला. आप्पांनी एकदाही लावला नाही. "आप्पांना ओळंबा कशाला? त्यांचा डोळाच ओळंबा," असे लोक कौतुकाने म्हणत. पूर्वी कधीतरी आप्पा त्यावर नको-नको म्हणत असत. अलीकडे नुसते हसत.

छप्पर चढवण्याच्या दिवशी गाव जमले. सुतारांनी पहिली तुळई उचलली. एक टोक शिष्येच्या भिंतीवर बसले. दुसरे आप्पांच्या भिंतीच्या खोबणीपासून वीतभर अलीकडेच राहिले.

"मी खाली माप घेतलंय," सुतार ओरडला. "बारा हात म्हणजे बारा हात. तुळई काय उन्हात आटली?"

शेठजींनी डोळे बारीक केले. "अरे, ही पोरीची भिंत बघा. डोंगराकडे पडलीये की!"

गावाच्या डोळ्याला ती तशीच दिसत होती. त्या गावातली ती पहिली उभी भिंत होती.

"बाईनं बांधलेली भिंत," गर्दीतून कोणी म्हणाले, "माहेराकडं झुकायचीच!" सगळे हसले.

शिष्या बांबूच्या परांचीवरून खाली आली. तिने पेढ्यांची परात रिकामी केली, खडकावर ठेवली आणि तिच्यात कळशी ओतली. पाणी दरीच्या काठाला जमले. डोंगराकडचे पितळ कोरडेच राहिले.

"शेठजी, जमीन कलती आहे. माझी भिंत नाही."

"परात चेपलेली असेल."

तिने परात उलट फिरवली. पाणी पुन्हा दरीकडेच गेले.

"मग पाणीच आगाऊ आहे!" मघाचाच माणूस म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले.

अखेरीस सर्वांनी आप्पांकडे पाहिले. आप्पा आपल्या भिंतीमागे, दरीच्या अंगाला गेले आणि त्यांनी शिष्येला वरून ओळंबा सोडायला सांगितले. तिथे त्या दोघांखेरीज कोणी नव्हते. वजन हेलकावत हेलकावत स्थिर झाले. ते आणि भिंतीचा पायथा यांच्यात एक वीत मोकळी होती. आप्पांनी त्या मोकळ्या जागेत हात घातला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग दोरी गुंडाळली, पुढे आले आणि म्हणाले,

"पोरीची भिंत उतरवा."

दुपारपर्यंत भिंत उतरवून लोक पांगले. आप्पा जांभळाखाली भाकरीचे फडके सोडून बसले होते. शिष्या समोर उभी राहिली.

"आप्पा, वीतभर अंतर होतं. तुम्ही हात घालून बघितलंत."

"बघितलं."

"मग माझी का पाडलीत?"

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "तुझी भिंत पाडली तर एक भिंत पडते. माझी पाडली तर गावातली साठ घरं पडतात. पडणार नाहीत गं, उभीच राहतील. पण आज संध्याकाळपासून प्रत्येक माणूस भिंतीकडे बघत जेवेल. कुणाची सून तान्ह्या पोराची झोळी भिंतीपासून लांब बांधेल. ती सगळी घरं माझ्या हातची आहेत. मला सत्तर सरली. साठ घरं मी पुन्हा बांधू शकत नाही."

"बांधू नका. चुकलो, एवढं म्हणा."

आप्पा खिन्न हसले. "ते साठ घरांपेक्षा जड आहे, पोरी."

"आणि कोसळली तर?"

"चाळीस वर्षं कोसळली नाहीत."

"म्हणजे तुमच्या हयातीत तरी नको, एवढंच ना?"

हे त्यांना लागले. त्यांनी भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळली. नंतर बोलले तेव्हा त्यांचा आवाज शिकवताना असे तसा, शांत आणि मायेचा होता.

"आठ दिवसांत माझ्या भिंतीला जुळेल अशी भिंत चढव. ओळंबा लावू नकोस. छप्पर बसेल त्या दिवशी तो तुझ्या हातात देईन. नाही म्हणालीस, तर माझा पुतण्या बांधेल आणि ओळंबा त्याला जाईल. शिवाय यापुढे कोणी बाईच्या हाती थापी द्यायला निघालं, की लोक त्याला ही भिंत दाखवतील. त्याचाही विचार कर."

तिने विचार केला. टाळूवर हात फिरवला. मग खाली वाकून पडलेल्या भिंतीचे दगड निवडायला सुरुवात केली.

वाकडी भिंत बांधणे सोपे नसते. पहिले दोन दिवस तिचा हात प्रत्येक थराला आपोआप उभा जाई, आणि तिला तो मुद्दाम दरीकडे वळवावा लागे. तिसऱ्या दिवसापासून वळवावा लागला नाही.

नवव्या दिवशी तुळया खोबणीत अशा बसल्या, की सुताराने त्यांच्यावर थाप मारून पाहिली. "आता कशी जोडी शोभते!" शेठजी म्हणाले. माहेराचा विनोद करणाऱ्या माणसाने तिला हात जोडले आणि "मिस्त्रीणबाई" अशी हाक मारली. आप्पांनी तिच्या हाती ओळंबा दिला. रीतीप्रमाणे ती परांचीवर चढली आणि आपल्या भिंतीवरून तो आतल्या अंगाला सोडला.

ओळंबा भिंतीच्या पायथ्यापासून वीतभर दूर, सर्व गावासमोर, लख्ख उजेडात स्थिर झाला. ज्याला पाहायचे होते त्याला दिसला असता.

"सरळ आहे," ती म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. आपला आवाज कापत नाही, हे तिच्या लक्षात आले.

टाळ्या वाजल्या, पेढे फिरले. ती खाली उतरली तेव्हा आप्पा तिची वाट पाहत उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मला वाटलं होतं," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तू तसं म्हणणार नाहीस."

शिष्येने त्यांना वाकून नमस्कार केला.

"आप्पा, मी तुमच्याकडेच शिकले," ती म्हणाली.

आप्पांनी आशीर्वादासाठी उचललेला हात तसाच राहिला. त्यांना समजले होते. त्या दिवशी त्या गावात समजलेला तो एकटाच माणूस होता.

तरुण पिढीला सत्याची चाड उरलेली नाही, अशी खंत व्यासपीठावरून व्यक्त करणाऱ्या ज्येष्ठांना एवढेच विचारावेसे वाटते: तिने त्या दिवशी दुसरे काही म्हणावे, अशी कोणती सोय आपण ठेवली होती?