ढोलीतला आवाज

एका रानात कळंबाचं पोकळ झाड होतं. कुणी त्याच्या ढोलीत शिरून बोलू लागलं, की बाहेरच्यांनी पाठ फिरवून ऐकायचं, अशी तिथली रीत होती. रोज सांजेला ढोलीतून एक खरखरीत आवाज यायचा, "आज लांडगे खालच्या डोहावर आहेत. पोरांनो, वरच्या झऱ्यावर जा."

रानभर बातम्या सांगणाऱ्या साळुंकीला राहवेना. एकदा तिने मान वळवून पाहिलंच, आणि सकाळी फांदीफांदीवर ओरडत सुटली, "ऐका हो ऐका! ढोलीत बोलते ती लांडग्यांचीच म्हातारी आहे!"

"अगं बाई, लांडग्यांनाही कान आहेत," हरिणी कळवळली.

"मग? मी काय खोटं सांगितलं?"

"खरंच सांगितलंस गं. पण तिच्या जिवावर उठलीस."

त्या सांजेपासून ढोली मुकी झाली. तहानलेली पाडसं पाण्याच्या वाटेवर घुटमळत राहायची. साळुंकी रोज ढोलीपाशी येऊन बसे. तो आवाज एकदा तरी कानी पडावा, म्हणून तिचा जीव तुटे.

पानगळीतल्या एका सांजेला ढोलीत पाचोळा वाजला. कुणीतरी हळूच खाकरलं. तीच असेल का? साळुंकीची मान वळू लागली. मग तिने झाडाकडे पाठ केली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.