राजाच्या कमरेचे आठ भोपळे

“ऐका हो ऐका! आजपासून तळ्यातल्या बेटावर कुणी होडी न्यायची नाही! महाराजांना रयतेच्या जिवाची काळजी लागली आहे होऽऽ!”

दवंडी ऐकली आणि होडीवाल्या हौसानं कपाळावर हात मारला. तिच्या शेळ्या बेटावर होत्या! उन्हाळ्यात सगळा गावच शेळ्या तिकडे ठेवायचा. तिथं गवत हिरवं आणि लांडग्याची भीती नाही. बाया रोज होडीनं जायच्या, धार काढून यायच्या. हौसाला अंगावर दूध कमी, म्हणून तिची तान्ही मुलगी शेळीच्या दुधावर वाढत होती.

आणि काळजी कसली होती ते गावाला पक्कं ठाऊक होतं. रणधीरराजांनी बेटावर नवाकोरा हवामहाल बांधला होता. तिथं त्यांना शेळ्यांचं बें-बें नको होतं!

हौसा पोरीला कडेवर घेऊन तडक दरबारात गेली.

“महाराज, आमची एवढी काळजी आजच कशी वाटली? आजवर तिथं जाताना कुणी बुडालं नाही.”

“मग काय, कुणीतरी बुडेपर्यंत वाट बघू?” राजा गुरगुरला.

“बरोबर, बरोबर!” अंतोबा कारभारी म्हणाले. राजा काहीही बोलला तरी ते हेच म्हणायचे.

“दुधावाचून ही पोर काठावरच जाईल, महाराज. मग तिची काळजी कोण करणार?”

राजाचे कान लाल झाले.

“फार तोंड चालतं तुझं! मग ऐक. ज्याला पोहता येत नाही, ज्यानं जन्मात वल्हं धरलं नाही, असा माणूस भर तळ्यात पडू दे. आपल्या पायानं पडला पाहिजे, ढकललास तर गाठ माझ्याशी! आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. एवढं होऊन तो जिवंत राहिला, तर बेट सगळ्यांना मोकळं!”

“बरोबर, बरोबर!”

सगळे खो-खो हसले. हौसा पोरीला घेऊन परतली. घरी येऊन तिनं पोरीला पेज पाजली. पोर थोडी प्यायली, बाकीची तिनं थुंकली, आणि रडून रडून झोपली.

दुसऱ्या दिवशी हवामहालाची वास्तुशांत. राजाची थोरली नाव सजली, झालर लागली, सनई वाजली, आणि नाव काठालाच गाळात रुतली! उन्हाळ्यात पाणी आटतं हे नाव बांधणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शिपायांनी ढकलली, दोरानं ओढली. हलेना! मुहूर्त टळायची वेळ झाली.

कारभारी धापा टाकत आले. “हौसे, तुझी होडी आण! लवकर!”

“बंदी आहे ना?”

“अगं, महाराजांना कसली बंदी?”

“मग वल्हं तुम्ही मारणार का?”

कारभारी दोन पावलं मागं सरले. तिकडून राजा ओरडला, “आजच्यापुरती मोकळीक! आण ती होडी!”

हौसानं पोरीला सासूकडे दिलं आणि सुकवलेल्या कडू भोपळ्यांची माळ काढली. आतून पोकळ, पाण्यावर तरंगणारे. दोन आपल्या कमरेला बांधले, चार कारभाऱ्यांच्या.

“हे आम्हाला बांधणार?” राजा फिस्कारला. “आम्ही राजे आहोत की भाजीवाले?”

“नको तर राहू दे, महाराज. आमच्या होडीत हा मान असतो. आम्हाला दोन, कारभाऱ्यांना चार.”

राजानं वळून पाहिलं. कारभारी चार भोपळ्यांत छाती फुगवून बसले होते!

“आणि राजाला किती?”

“राजा कधी आमच्या होडीत बसलाच नाही. कोण ठरवणार?”

“आठ!” राजा गरजला. “आणि जरीच्या शेल्यानं बांध!”

होडी निघाली. भर तळ्यात आल्यावर काठावरच्या लोकांनी जयजयकार केला. राजा उठायला लागला.

“महाराज, बसा. होडीत उभं राहायचं नसतं.”

“रयत उभी आणि राजा बसलेला? मला बसवणारी तू कोण?”

“वल्हं माझ्या हातात आहे, म्हणून सांगते.”

“गप्प बस!”

राजा उभा राहिला. एक हात वर केला, मग दुसरा. होडी कलली आणि धपाककन महाराज पाण्यात!

“मेलो, मेलो!”

“बरोबर, बरोबर!” होडीची कड घट्ट धरून कारभारी म्हणाले.

“हात दे गं बाई!”

“कसा देऊ? हात लावायची बंदी आहे. पोहता येतं का महाराजांना?”

“नाही!”

“वल्हं कधी धरलं होतं?”

“नाही गं, नाही!”

“कुणी ढकललं?”

राजाच्या नाकातोंडातलं पाणी बाहेर आलं. “मीच उठलो.”

“मग बुडालात का?”

राजानं खाली पाहिलं. आठ भोपळ्यांवर त्याचं पोट आरामात तरंगत होतं. बुडायचं म्हटलं तरी जमलं नसतं!

“आता पाय हलवा, महाराज. बेट समोरच आहे.”

राजा पाय झाडत झाडत निघाला आणि निथळत बेटाला लागला, मागोमाग हौसाची होडीही. हवामहालाच्या पायऱ्यांवर शेळ्या बसल्या होत्या. त्यांनी तोंड वर करून पाहिलं आणि पुन्हा रवंथ करू लागल्या.

“तू मला मुद्दाम बुडवायला आणलंस!” राजा थरथरत ओरडला.

“बुडवायचं असतं तर भोपळे कशाला बांधले असते, महाराज?”

राजानं आपल्या पोटाकडे पाहिलं. मग त्याला हसू फुटलं, आणि पोट धरून तो असा हसला, असा हसला की कमरेचे भोपळे एकमेकांवर आपटू लागले!

“जिंकलीस! बेट सगळ्यांना मोकळं! भोपळे बांधल्याशिवाय होडीत कुणी बसायचं नाही, मीसुद्धा नाही! वारा सुटून कुणी इथं अडकलं, तर त्यानं माझ्या हवामहालात राहावं. आणि सगळ्या होड्यांची मुखत्यारी आजपासून तुझी, भोपळ्याचे वेल लावायला काठावरची जमीनही तुझी! आणखी काय हवं?”

“ते सगळं मागाहून, महाराज,” पदर खोचत हौसा म्हणाली. “आधी कारभाऱ्यांना सांगा, ती काळी शेळी धरा म्हणून. फार लाथा मारते, आणि माझी पोर तिकडे उपाशी आहे!”