‘म’ आणि ‘द’ यांचा तुलनात्मक अहवाल

त्या राज्यात एकट्या अक्षराला अर्थ नव्हता. माथ्यावरून एक आडवी रेषा जाई, तिला धरून अक्षरे शेजारी शेजारी उभी राहत, तेव्हा कुठे शब्द होई. तो वाचून झाला की मोडायचे आणि पुढच्या शब्दासाठी पुन्हा उभे राहायचे, असा तिथला शिरस्ता होता. रेषा सुटलेल्या अक्षराची शाई दिवसेंदिवस उडत जाई, म्हणून सगळे तिला घट्ट धरून असत.

‘द’ आणि ‘म’ ही कोवळ्या वयाची दोन अक्षरे एकाच हंगामात बिघडली. आपल्या डोक्यावर एक अनुस्वार येऊन बसला आहे, असे ‘द’ला वाटू लागले. तो इतर कोणाला दिसत नव्हता, पण ‘द’च्या कानात सारखा पुटपुटे की सगळे तुला खोडायला टपले आहेत. ‘द’ रेषा सोडून समासात गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून बसला. ‘म’ची तऱ्हा उलटी. दिसतील तेवढ्या मात्रा आणि वेलांट्या त्याने अंगावर चढवल्या, झोप सोडली, आणि आख्खा ग्रंथ मी एकटाच होणार असे सांगत सुटला. त्या भरात त्याचीही रेषा सुटली. शेजाऱ्यांना मात्र तुलनेची गरज पडली नाही. दोघांनाही शाई जास्त झाली, असे त्यांनी ठरवून टाकले.

‘द’ची आई ‘त’ जीव मुठीत धरून ‘ज्ञ’शास्त्र्यांकडे गेली. नावातच ज्ञान असल्यामुळे त्यांना वेगळे काही शिकावे लागले नव्हते. जोडीला ‘क्ष’ होते. गणितात जे ठाऊक नसते त्याच्या जागी उभे राहण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

शास्त्र्यांनी तक्ता आखला. एक घर बिंदूच्या प्रकाराचे, एक मात्रांच्या प्रकाराचे.

“प्रकार सावकाश ठरवा, शास्त्रीबुवा,” ‘त’ म्हणाली. “आधी दोघांना रेषेपर्यंत आणू या. मी हात पुढे केलाय, पण माझा एकटीचा पुरत नाही. पोराची शाई रोज उडतेय हो.”

“बाई, दुखणं अजून कोवळं आहे. पिकलं की नीट ओळखू येईल.”

त्यांच्यापुढे तिची मात्रा चालली नाही.

तक्ता भरत आला आणि पंचाईत झाली. ‘म’ने अंगावरच्या मात्रा टाकून दिल्या, तो गप्प झाला आणि त्यालाही अनुस्वार ऐकू येऊ लागला. ‘द’ एके सकाळी दोन वेलांट्या लावून हसत सुटला.

“एका घरात राहायला काय होतं यांना?” शास्त्री वैतागले.

‘क्ष’नी दुसरा तक्ता आखला, मग तिसरा. तोवर दोघे इतके फिके झाले होते की तपासायला भिंग लागे. भिंग उत्तम प्रतीचे होते, हे मान्य करायला हवे.

अखेर अहवाल वाचायचा दिवस आला. ‘म’ आणि ‘द’ उभे राहण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून शास्त्र्यांनी ती दोन अक्षरे लागणार नाहीत असेच शब्द वेचून घातले होते. पानामागून पान बिनचूक वाचले गेले. सभेने माना डोलावल्या. शेवटच्या ओळीतला एक शब्द मात्र त्यांच्या नजरेतून सुटला होता.

‘लवकर’ची अक्षरे उभी राहिली आणि मोडली. मग ‘त’ची पाळी आली. ती रेषेखाली तिसऱ्या जागेवर जाऊन उभी राहिली. पहिली जागा ‘म’ची होती, दुसरी ‘द’ची.

“बाई, अलीकडे सरका,” शास्त्री म्हणाले. “मोकळी जागा बरी दिसत नाही.”

‘त’ सरकली नाही. माथा रेषेला टेकवून, हात डावीकडे ‘द’च्या जागेपर्यंत वाकवून ती तशीच उभी राहिली. तिच्या मागे ‘करावी’ची अक्षरे आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळत होती.