उकिरडा हटवून भरलेली स्पर्धा

गावोगावी घंटागाडी फिरू लागली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेर पक्ष्यांनी एक स्पर्धा ठेवली. कचरा कमी करण्याची नवी युक्ती सांगा आणि पोतंभर ज्वारी जिंका! मांडवाला जागा हवी, म्हणून परीक्षक बगळ्याने तिथला उकिरडा उचलून ओढ्यात टाकायला लावला.

तांबडी कोंबडी धावत आली. “अहो बगळेबुवा, माझी पिल्लं त्याच्यावर जगतात! आम्ही रोज उकरतो, म्हणून तर त्याचं खत होतं.”

“बाई, इथे फक्त नव्या युक्त्या चालतात,” बगळा म्हणाला. “तुम्ही जरा बाजूला बसा.”

पहिलं बक्षीस शहरात राहून आलेल्या पोपटाला मिळालं. सगळा कचरा एका जागी साठवायचा, त्यावर कोंबड्या सोडायच्या आणि खत करायचं, अशी त्याची युक्ती होती. टाळ्या थांबेनात. कोंबडीनेही पंख फडफडवले. पिल्लांच्या पोटाची सोय होणार होती ना!

ती पुढे होऊन म्हणाली, “मला घ्या की कामावर.”

“घेऊ ना,” पोपट मान तिरकी करून म्हणाला. “पण बाई, या कामाचा काही अनुभव आहे का तुम्हाला?”